लक्झेंबर्गचा पूर्वपक्ष

२ जुलै २००७, सोमवार

आजपासून राग बंद. डॉक्टरांनी आकडा बघून विचारलं, हा रक्तदाब आहे की बसचा नंबर? मुळात मला राग येतच नाही. लोक तो आणून देतात.

ऑफिसात मोठी बातमी. आमचं साप्ताहिक दोन वर्षांसाठी लक्झेंबर्गला बातमीदार पाठवणार. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध. म्हणून व्याज टाळून नफातोटा वाटून घेणारे फंड आणि रोखे निघालेत, आणि त्यांची नोंदणी आपल्याकडेच व्हावी म्हणून युरोपातला हा टीचभर देश बाह्या सरसावून बसलाय. आखातातला पैसा, मलेशियातला पैसा, सगळ्यांना अगत्याचं बोलावणं. तिथे आमचं कुणीतरी हवं.

उमेदवार दोन. मी आणि प्रताप. म्हणजे एकच.

प्रताप माझ्या समोर बसतो. मुंबईचा, एमबीए, तिशीतला. दंड शर्टात मावत नाहीत. मला पंडितजी म्हणतो. आदराने म्हणतो असं मी धरून चालतो.

संपादक मिसेस को म्हणाल्या, ऑगस्टअखेर या विषयावर परिषद आहे, दोघंही बोला, जो बरा बोलेल तो जाईल. प्रकरण संपल्यातच जमा. मी वाईला पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलोय. वादविवादात माझ्यासमोर उभा राहणारा माणूस अजून पाहिला नाही.

संध्याकाळी ६. लक्झेंबर्गचा नकाशा छापायला घेतला. प्रिंटरने अर्धा देश गिळला. लाथ मारली. यात राग नव्हता. यंत्रांना अधूनमधून धक्का द्यावा लागतो.

३ जुलै

पायाचा अंगठा मोडलाय. प्लास्टर. नीलिमा म्हणाली, अहो, बायको इतकी वर्षं सांगतेय, चप्पल घालून लाथ मारत जा. अदिती ज्युनिअर कॉलेजला आहे. ती म्हणाली, पा, प्रिंटर ओके ऑर नॉट? बापाची चौकशी नंतर.

प्रिंटर ओके आहे.

८ जुलै, रविवार

अभ्यास जोरात. टॅम्पिनीस म्हणजे आमच्या बेटावरचं एक उपनगर; लोकसंख्येने लक्झेंबर्ग म्हणजे साधारण दोन टॅम्पिनीस. नीलिमाला सांगितलं. ती म्हणाली, मग दोनदा टॅम्पिनीसला जाऊन या, स्वेटर लागणार नाही.

एक गोष्ट ध्यानात आली. मी जन्मतःच शरीयतला अनुकूल आहे. दारू नाही, जुगार नाही, डुकराचं काय, कोंबडीचंही मांस नाही. आड येतं ते फक्त फिक्स्ड डिपॉझिट. ते मोडून टाकावं, म्हणजे परिषदेत नैतिक अधिकाराने बोलता येईल, असं नीलिमाला सुचवलं. ती लाल भोपळा चिरत होती. हात थांबला, पण सुरी खाली आली नाही. विषय बदलला.

१६ जुलै

कपाळावर टेंगूळ. कारण सांस्कृतिक.

दुपारी तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांत, कुठेही जागा नाही. एका टेबलावर टिश्यूचं पाकीट. इथली रीत अशी की पाकीट ठेवलं म्हणजे जागा आपली. पण जड वस्तूला ताबा कसा असेल? ताबा चेतनाचा असतो. पाकीट उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवलं आणि प्लास्टरचा पाय पसरून बसलो. पाकिटाचा चेतन मालक फिशबॉल सूप घेऊन आला. सत्तरीचे चिनी काका, हातात काठी. मी त्यांना चेतन-अचेतनाचा भेद शांतपणे समजावून दिला. पहिली काठी मी त्यांच्या वयाकडे बघून सोसली. दुसरी चुकवता आली नाही. मग मी काठी धरली, त्यांनी माझी कॉलर धरली, आणि सूप आम्हा दोघांवर समान वाटलं गेलं. नफातोट्याच्या भागीदारीचं इतकं स्वच्छ उदाहरण पुस्तकात नाही.

प्रताप मागच्या टेबलावर चिकन राइस खात होता. त्याने मोबाइलवर फोटो काढला. सोडवायला आला नाही. म्हणाला, पंडितजी, तुम्ही जिंकताय असं वाटलं.

संकल्प: प्रतापला मनातून क्षमा. मान मुरगळण्याचा विचार आला तर दीर्घ श्वास.

१७ जुलै

फोटो पँट्रीच्या फ्रिजवर लावलाय. दीर्घ श्वास. फ्रिजचं हँडल निघून हातात आलं. कंपनी स्वस्तातला माल घेते.

२५ जुलै

भाषणाचा आराखडा तयार. शास्त्रातली पद्धत वापरणार. आधी पूर्वपक्ष: म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं आपणच मांडायचं, तो स्वतः मांडेल त्याहून भक्कम. मग उत्तरपक्ष: त्याच्या चिंध्या. पूर्वपक्ष जितका बळकट, तितकी त्याची हाडं मोडताना मजा. प्रताप बिचारा स्लाइड दाखवेल. मी आधी लक्झेंबर्गच्या विरोधात असं बोलेन की सभा हादरेल. मग एकेक मुद्दा गळा धरून आपटेन. लक्झेंबर्गहून येणारे पाहुणे, श्री. क्लाइन, उठून मिठी मारतील.

नीलिमाला पद्धत समजावली. तिने विचारलं, म्हणजे आधी आपण ज्यांच्या बाजूचे, त्यांनाच शिव्या द्यायच्या? म्हटलं, तात्पुरत्या. ती म्हणाली, त्यांना कोण सांगणार की तात्पुरत्या आहेत?

तिचा न्यायाचा अभ्यास नाही.

५ ऑगस्ट, रविवार

घरच्या घरी तालीम. श्रोते: नीलिमा आणि अदिती. पूर्वपक्षाच्या शेवटच्या वाक्यावर मूठ आपटली. डायनिंग टेबलाची काच गेली. हाताला टाके. उत्तरपक्ष राहिला.

दवाखान्यातून येताना टॅक्सीत नीलिमा खिडकीबाहेर बघत म्हणाली, लग्नाला बावीस वर्षं झाली, तुमचा उत्तरपक्ष अजून ऐकला नाही. हातावर टाके असल्यामुळे प्रत्युत्तर दिलं नाही.

१२ ऑगस्ट, रविवार

दुसरी तालीम. ऐन पूर्वपक्षाच्या शिखरावर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जमीन ठोकली. मी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. त्यांनी ठोकलं. मी ठोकलं. दिवा खाली आला. अंधारात उत्तरपक्ष करण्यात अर्थ नाही. तसा तो तोंडपाठच आहे, तालमीची गरज नाही.

१४ ऑगस्ट

शेवटी तेच झालं जे प्रतापला हवं होतं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. त्याने विचारलं, पंडितजी, लक्झेंबर्गला टिश्यूची पाकिटं न्यायची का? मी छत्री मिटत होतो. ती त्याच्या बरगडीला लागली. तो म्हणाला, सॉरी म्हणा. म्हटलं, छत्री जड वस्तू आहे, तिला हेतू नसतो. त्याने छत्री ओढली. मी सोडली नाही. त्याने मला भिंतीवर दाबलं, मी प्लास्टरचा पाय त्याच्या नडगीवर हाणला, त्याने माझा चष्मा काढून व्यवस्थित घडी करून माझ्याच खिशात ठेवला आणि मग कानाखाली दिली. दार उघडलं तेव्हा समोर मिसेस को उभ्या.

आम्ही दोघांनीही गुड मॉर्निंग म्हटलं.

लिफ्टमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, परिषदेनंतर बघू, तोपर्यंत एकाने लिफ्ट, एकाने जिना. प्लास्टर असूनही जिना मीच घेतला. मोठेपणा कुणीतरी दाखवावाच लागतो. (लिफ्ट प्रतापने आधी मागितली.)

२० ऑगस्ट

प्लास्टर निघालं. आता तोलही माझ्या बाजूने.

२९ ऑगस्ट, बुधवार

उद्या परिषद. मन स्थिर. लक्झेंबर्गची थंडी कशी असेल? नीलिमाला म्हटलं, स्वेटर काढून ठेव. तिने एक काढला. एकच. माझा.

३० ऑगस्ट, गुरुवार

सविस्तर लिहितो, कारण उद्या लोक काहीबाही सांगतील.

मरिना बेजवळचं हॉटेल. व्यासपीठावर आम्ही दोघं, श्री. क्लाइन, आणि अध्यक्ष म्हणून क्वालालंपूरचे डॉ. हाशिम. त्यांच्यापुढे पितळी घंटा. प्रत्येकाला दहा मिनिटं. क्लाइन अंगाने काडी, आवाजाने मध. मला म्हणाले, तुम्ही आमच्या देशाचे मित्र आहात असं ऐकलंय. म्हटलं, आत्ताच बघा.

प्रतापने स्लाइड दाखवल्या. वर जाणारे बाण. टाळ्या बेताच्या.

मग मी. काय बोललो! म्हणालो, ज्या देशातून ट्रेनमध्ये डुलकी लागली तर माणूस परदेशात जागा होतो, तिथे श्रद्धावंतांनी पैसा का ठेवावा? तो पैसा तिथे राहत नाही, शिक्का मारून पुढे जातो. जो धर्मासाठी आला तो आणि जो कर चुकवायला आला तो, दोघांचं स्वागत एकाच खिडकीवर, एकाच हास्याने. व्याजाला नफा म्हटल्याने व्याज पालटत नाही, फक्त त्याची टोपी पालटते. सभा हादरली. मागच्या रांगेत एक अरब गृहस्थ उठून उभे राहिले. क्लाइन आधी पांढरे पडले, मग लाल, मग पाणी प्यायले. मी मनात म्हटलं, थांबा महाराज, आता तुमच्यासाठी कत्तल सुरू करतो.

घंटा.

मी म्हटलं, आता उत्तरपक्ष. डॉ. हाशिम म्हणाले, थँक यू, व्हेरी पॉवरफुल, टाइम इज अप. म्हटलं, अहो, मी याच्या विरुद्ध आहे! ते म्हणाले, ते कळलंच सगळ्यांना. म्हटलं, तसं विरुद्ध नाही, माझ्याच विरुद्ध! त्यांनी पुन्हा घंटा वाजवली. मी घंटा धरली. ते सोडेनात. प्रताप मध्ये आला आणि माझ्या कानात मराठीत म्हणाला, पंडितजी, बसा आता, लक्झेंबर्गचा खून झालाय, प्रेताला तरी सोडा.

माझ्या दुसऱ्या हातात माइक होता. माइक जड वस्तू आहे.

प्रतापचा पुढचा दात गेला. आवाज सबंध हॉलमध्ये घुमला, कारण माइक चालू होता. त्याने मला टेबलावरून पलीकडे फेकलं. मी पडलो तो क्लाइन यांच्यावर. खुर्चीसकट आम्ही दोघं खाली. मिठी झाली, पण अपेक्षेप्रमाणे नाही. प्रताप माझ्या छातीवर बसला. मी त्याचा टाय ओढत होतो आणि उत्तरपक्षाचा पहिला मुद्दा सांगत होतो. ऐकलं कुणी नाही. रक्त बरंच. बहुतेक त्याचं. सुरक्षा रक्षक चार आले. माझ्यासाठी तीन.

पोलिसांसमोर प्रताप रुमाल तोंडाला धरून म्हणाला, तक्रार नाही, ऑफिसातला सीनियर आहे. इतका नीच डाव मी आयुष्यात पाहिला नाही.

३१ ऑगस्ट

पोलिसांची ताकीद. मिसेस कोंची अट: रागावर नियंत्रणाचा वर्ग पूर्ण केला तरच नोकरी. लक्झेंबर्गला प्रताप, नव्या दातासह. फ्रिजवरचा माझा फोटो काढलाय. त्या जागी नवीन आहे.

विमानतळावर न जाण्याचा निर्णय मी स्वतः घेतला.

१५ सप्टेंबर, शनिवार

वर्ग घराजवळच, तोआ पायोहला. चालवणाऱ्या मॅडम रोहानी. रमजान सुरू, रोजा आहे, तरी चेहऱ्यावर एक आठी नाही. मला वाटलं, उपाशी माणूस इतका शांत म्हणजे काहीतरी लपवतोय.

विचारलं, भांडण कशावरून? म्हटलं, मुसलमानांनी पैसा कुठे गुंतवावा यावरून. त्यांनी विचारलं, तुम्ही मुस्लिम? म्हटलं, नाही. तो? नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, देन व्हाय यू टू फाइट, आम्हाला कुणी विचारलं पण नाही लह. (इथे वाक्याला शेपूट म्हणून लह लावतात.)

लक्झेंबर्गने विचारलंय, असं सांगणार होतो. दीर्घ श्वास घेतला.

६ ऑक्टोबर, शनिवार

आज घरच्यांनाही बोलावलं होतं. नीलिमा आली. मॅडम म्हणाल्या, ज्याच्याशी भांडलात त्याची बाजू मांडा. त्याने मांडली असती त्याहून चांगली. दहा मिनिटं.

मी मनात हसलो. हे तर माझं घरचं मैदान.

उभा राहिलो. प्रताप म्हणून बोललो. समोर एक माणूस बसतो, म्हणालो, त्याला वाटतं तो शांत आहे. प्रिंटर, फ्रिज, काच, छत, सगळं त्याच्याभोवती आपोआप मोडतं आणि तो दर वेळी नवा संकल्प करतो. काका दिसले की शास्त्र, छत्री लागली की शास्त्र. चूक त्याची एकही नाही, सगळ्या जड वस्तूंच्या. त्याला बसा म्हणणारा मी एकटाच होतो, कारण बाकीचे त्याला घाबरतात. त्याच्या घरचेही, असं मला वाटतं. हे शेवटचं मुद्द्यात नव्हतं. ओघात आलं. आवाज चांगला लागला होता. एका मुद्द्यालाही भेग नव्हती. इतका भक्कम पूर्वपक्ष पाठशाळेतसुद्धा कधी जमला नव्हता.

नीलिमा खाली बघत होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं आणि तसंच मुठीत धरून बसली.

मोबाइलचा गजर वाजला. मी म्हटलं, आता उत्तरपक्ष. मॅडम रोहानी म्हणाल्या, नो नीड लह. व्हेरी कम्प्लीट.

संध्याकाळी ५. घरी आल्यावर उत्तरपक्ष लिहायला बसलो. इथे लिहिण्यात कुणाची घंटा नाही. नव्या ओळीवर लिहिलं: प्रथम मुद्दा असा की.

चहा झाला. पंखा मोठा केला. शाई बघितली, भरपूर आहे.

नीलिमा आत्ता दारात येऊन गेली. म्हणाली, अहो, बरं वाटतंय ना? कधीपासून काही आपटल्याचा आवाज आला नाही.