मी व्हरांड्यात उभा होतो

आई, तुले अन् बाबाले छिंदवाड्याहून सलाम.

मी मजेत आहे, फिकर करू नको. इथं थंडी कडक आहे, पण तू विणलेला स्वेटर रोज घालतो. तुह्या गुडघ्याले आता कसं वाटते?

पुष्पांजली नाताळच्या सुट्टीत खामगावले तुह्याकडं येणार आहे. ती मुख्याध्यापिका झाली नाही. तिले काही विचारू नको. फोनवर मले हे बोलणं जमलं नसतं, म्हणून लिहून राह्यलो.

आमच्या लुथरन चर्चच्या शाळेच्या मंडळावर मी आहे, तुले माहीतच आहे. घरच्या माणसाचा विषय निघाला की त्या सभासदानं बाहेर जायचं, असा नियम आहे. मी व्हरांड्यात जाऊन उभा राह्यलो. आत सगळ्यांनी मार्थाबाईले मत दिलं. त्या पुष्पासंगंच शिकवतात.

पाळकसाहेबांनी माही पाठ थोपटली. म्हणाले, "प्रेमभाऊ, सभासद असा पाहिजे."

संध्याकाळी पुष्पानं मले जेवाले वाढलं. म्हणाली, "दादा, तू आत असता तर एक मत तरी पडलं असतं मले."

मी खाली मान घालून जेवत राह्यलो. आई, मार्थाबाई शाळा जास्त चांगली सांभाळतील. मी आत असतो तरी माहा हात त्यांच्यासाठीच वर गेला असता. बाहेर उभा होतो तेव्हा मले सुटल्यासारखं वाटलं, त्याचंच आता वाईट वाटून राह्यलं.

तिच्या आवडीच्या करंज्या करजो. अन् दादा माह्या बाजूनं होता असं ती म्हणाली, तर तू हो म्हणजो.

तुहा प्रेम