उमेदीतल्या सात चाली

३ मार्च, सकाळ
माळ्यावरून कॅसेटचा खोका काढला. वय सतरा ते एकवीस. कॅसेट आठ, चाली सात. पुढच्या चाळीस वर्षांत तसं काम झालं नाही, पण त्यात माझा दोष नाही. काळ बदलला. संकल्प : या चाली लोकांपुढे आणायच्या. हॉल बघतो. बायको म्हणाली, आधी माळा आवर.

५ मार्च
माळा राहिला. कंबर धरली.

९ मार्च
कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला रेकॉर्डिस्टकडे दिल्या. पेटीला बसण्याआधीच मी टेप चालू करून ठेवायचो, न जाणो काय सुचेल. त्याला बजावलं, सुरुवातीची खुडबुड काप.

१४ मार्च
काही कापलं नाही. म्हणाला, आधी ऐका. ऐकलं. ताईचं शिलाई मशीन चाललंय. मशीनच्या लयीत ती गुणगुणतेय. मग माझा आवाज : सापडलं! मग पेटी, आणि तीच सुरावट. योगायोग.

१५ मार्च
सातही ऐकल्या. सातही वेळा योगायोग.
आठव्या कॅसेटवर मी ताईला दटावतो, जरा गप्प बस, मला सुचू दे. ती गप्प बसते. पुढे अर्धा तास पेटी नुसती चाचपडतेय. चाल नाही.

१६ मार्च
संगीतकारावर वातावरणाचा परिणाम होतोच. पाखरांचाही होतो. म्हणून कोणी पाखरांची नावं छापत नाही.

१७ मार्च
कालचं वाचलं. लाज वाटली. बायकोनेही कॅसेट ऐकल्या. नुसता चहा ठेवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ मार्च
ताईला फोन. एकटी असते, बहात्तरची झाली, अजून शिवते. सगळं सांगितलं. हसली. म्हणाली, हाताला लय राहावी म्हणून गुणगुणायचे, त्यात काय एवढं, चाली तुझ्याच. मग तिनेच विचारलं, तिसऱ्या गाण्याचा अंतरा तू नंतर बदललास का रे? आधीचा बरा होता.
चाळीस वर्षं तिच्या लक्षात आहे.

२० मार्च
ठरलं. कार्यक्रमात माईकवरून सांगणार : या चाली ताईच्या. तिला स्टेजवर बोलावणार. भाषण लिहिलं, आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा रडू आलं. उत्तम झालं.

२८ मार्च
पत्रिका छापून आल्या. संगीत : मी. मजकूर आधीच गेला होता. आता खाडाखोड बरी दिसत नाही. तोंडी सांगायचंच आहे.

२ एप्रिल
भाषण थोडं कापलं. 'या चाली ताईच्या' ऐवजी 'ताईच्या आठवणीतल्या'. ऐकायला जास्त गोड वाटतं.

३ एप्रिल
पुन्हा 'ताईच्या' केलं. आता हात लावायचा नाही.

६ एप्रिल, कार्यक्रमानंतर
नव्वद माणसं. ताई दुखऱ्या गुडघ्यांनिशी पाच तास बसमध्ये बसून आली. माझ्यासाठी शर्ट शिवून आणला होता, तोच घातला.
सातवी चाल संपली आणि लोक उभे राहिले. एवढ्या टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. माईक हातात होता. भाषण खिशात होतं, शिवाय पाठ होतं.
म्हणालो, सगळ्यांचे मनापासून आभार. सगळ्यांत ताई आलीच की.

७ एप्रिल
ताईला बसवर सोडलं. बायको शेजारी उभी होती, कालपासून अबोला. ताई खिडकीतून म्हणाली, ही फोनवर बोलली होती, तू मला वर बोलावणार म्हणून. उठायला वेळ लागतो, म्हणून मुद्दाम कडेची खुर्ची धरली होती. असू दे, गडबडीत राहिलं असेल. जेवत जा वेळेवर.
मी हो म्हणालो. बस गेली.
गडबडीत राहिलं नव्हतं. टाळ्या चालू असताना मी तिच्याकडे बघितलं होतं. ती पुढच्या खुर्चीला धरून अर्धी उठली होती.