पिवळ्या ठिपक्यांचा तुकडा

॥ श्री ॥

पिंपळी, ता. बारामती
९ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप द्वारकाआत्यास,
राजलक्ष्मीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व ठीक. ऊस कारखान्याला गेला, त्यामुळे विजयसिंहांची धावपळ संपली. तू कानाचं मशीन पुन्हा डब्यात ठेवून दिलंस, असं तुझ्या दीपककडून कळलं. फोनवर तू नुसतं व्हय व्हय म्हणतेस आणि ऐकलेलं काहीच नसतं, म्हणून पत्रच लिहिते.

माझा ब्लॉग बंद पडलाय. लग्नाआधीपासून मी बायकांच्या वाकळांचे फोटो काढून इंटरनेटवर लिहिते ना, कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा, कुणाच्या सदऱ्याचा, तोच. तेरा वर्षांत दोनशेवर वाकळा झाल्या. शुक्रवारी सकाळी उघडायला गेले तर कुलूप. कंपनीचं म्हणणं, काहीतरी संशयास्पद दिसलं, ओळख पटवा. मी आधार कार्ड पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, ओळख पटली नाही. खातं निकिताच्या नावावर आणि कार्ड राजलक्ष्मीचं! लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी कौतुक केलं, पुढं सगळे कागदही बदलले. खात्यावरचं नाव बदलायचं मात्र माझ्याच डोक्यात आलं नाही.

पाच मार्चपर्यंत ओळख पटली नाही तर सगळं कायमचं पुसणार आहेत. बाकीच्या वाकळा एकवेळ पुन्हा बघायला मिळतील गं, पण आईची? ती गेली तेव्हा रीतीप्रमाणे तिचं अंथरूण-पांघरूण गावाबाहेर टाकलं, आणि मी इथं बाळंतीण होते. आता तिची वाकळ फक्त तिथंच आहे, तिनं बोट ठेवून सांगितलेल्या एकेका तुकड्यासकट. जुन्या फोनबरोबर फोटो गेले, वहीत मी काही उतरवलं नाही. तिथं सगळं सुरक्षित आहे, असं चारचौघींत छातीठोकपणे सांगायचे. आता स्वतःचाच राग येतो.

कंपनीला फोन करावा तर नंबर नाही. मदत असं लिहिलंय तिथं दाबलं की प्रश्नांची यादी येते, त्यातला एक प्रश्न दाबला की फिरून तीच यादी. शेजारच्या बानूबाई म्हणाल्या, की कंपनी कुठं बसती तेवढं सांग, आपण दोघी भाकरी बांधून जाऊ आन् दारात बसू. त्यांना कसं सांगू की दारच सापडत नाही.

तुझी माया तेवढी कागद न मागता मिळते. ती अशीच असू दे.

तुझी,
राजलक्ष्मी


॥ श्री ॥

इंदापूर
१७ जानेवारी २०२४

चि. सौ. राजलक्ष्मी हिस द्वारकाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी मशीनचं. ते घातलं की सून भांडी माझ्या डोक्यातच घासते असं वाटतं. त्यापेक्षा तुझं अक्षर बरं, जरी ते हल्ली फार तिरकं जातंय.

मी सत्तावीस वर्षं गावचं पोस्ट चालवलं, तेही ओसरीवरच्या एका टेबलावर. मनीऑर्डरीला उशीर झाला की माणूस थेट चुलीपर्यंत यायचा. हिंदुराव म्हणून एक म्हातारे होते. मुलाचे पैसे आले नाहीत म्हणून ओळीनं तीन दिवस येऊन मला शिव्या देऊन गेले. तिसऱ्या दिवशी मी त्यांना चहा दिला आणि दोघांनी मिळून तालुक्याला तक्रारीचा अर्ज लिहिला. चूक माझी नव्हती, पण शिव्या खायला मी तिथं होते. एवढ्या मोठ्या कंपनीनं शिव्या खायलासुद्धा एक माणूस ठेवू नये, याचं मला नवल वाटतं.

त्या वेळी बायकांकडं कुठले आलेत कागद? ओळखीचा साक्षीदार आणायचा आणि ही तीच, अशी त्यानं सही करायची. मीही तेच केलंय. परवा बसून कागदावर लिहिलं, की मी हिची सख्खी आत्या. बारशाला हिच्या कानात निकिता हे नाव मीच सांगितलं आणि लग्नात ती राजलक्ष्मी झाली तेव्हा मी समोर उभी होते. हिच्या आईची वाकळ गेली, ती आता तेवढी तुमच्याकडंच उरलीय, हेही लिहिलं. माझ्याहून मोठा साक्षीदार त्यांना कुठून मिळणार?

सही करताना मात्र हात थांबला. नाव बदललेल्या बाईची साक्ष द्यायची आणि स्वतःचं बदललेलं नाव लपवायचं, हे बरं दिसेना. तुला कुणी सांगितलं नसेल, शाळेच्या दाखल्यावर माझं नाव नकोशी आहे. दादाच्या पाठीवर आम्ही चौघी बहिणी, त्यात मी शेवटची. लग्नात द्वारका झाले तेव्हा पेढे मीच जास्त खाल्ले. तुझं नाव तुझ्या आड आलं, माझं मात्र सुटलं बाई. चाळीस वर्षांनी ते पुन्हा लिहिलं, द्वारकाबाई, पूर्वीची नकोशी.

दीपकनं कंपनीच्या इकडच्या कचेरीचा पत्ता शोधून दिला. रजिस्टर पोस्टानं, पोच लावून पाठवलंय. आत तिकीट लावलेलं परतीचं पाकीटही घातलंय, म्हणजे त्यांना उत्तराचा खर्च नको. दीपक हसत होता. हसू दे.

विजयसिंहरावांना आशीर्वाद. जेवणाची हेळसांड करू नकोस, आणि लिहीत राहा, मी वाट बघते.

तुझी आत्या,
द्वारका


॥ श्री ॥

पिंपळी
७ मार्च २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

परवा सगळं पुसलं गेलं.

मी लग्नाचा दाखला पाठवला, गॅझेटचा कागद पाठवला. असला कागद चालत नाही, असं उत्तर दोन्ही वेळा आलं, शब्दही तेच. एकदा कंपनीचा माणूस म्हणून कुणाचा तरी फोन आला. मला इतका आनंद झाला की मी त्याला मोबाइलवर आलेला आकडा सांगायलाच निघाले होते. विजयसिंहांनी फोन हिसकावून घेतला म्हणून बँकेतले पैसे वाचले. दोन महिन्यांत माझ्याशी माणसासारखा बोलला तो एक चोर!

पुसल्यावर तासाभरात कंपनीनं विचारलं, आमच्या सेवेबद्दल पाचपैकी किती तारे द्याल. मी लिहायला जागा शोधत बसले. जागा नव्हतीच, नुसते तारे होते.

भांडावं तरी कोणत्या तोंडानं, असंही मनात येतं. तेरा वर्षं त्यांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. पण ते घर भरलं ते आमच्या बायकांनी. सांगवीपासूनच्या बायका वाकळा डोक्यावर घेऊन यायच्या, मेलेल्या माणसाच्या सदऱ्यावर हात फिरवून रडायच्या. ते फुकट कसं म्हणायचं?

काल आईची वाकळ आठवून लिहायला बसले. पंधरा तुकड्यांतले अकरा कुणाचे ते आठवले. पिवळ्या ठिपक्यांचा एक होता, अगदी मधोमध. तो कुणाचा म्हणून विचारलं तर आई नुसती हसली, म्हणाली की ते आपलं असंच हाय. ब्लॉगवर मी त्यापुढं लिहिलं होतं, कुणाचा ते माहीत नाही. आता तेवढंही उरलं नाही. आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतंय, आणि या वेळी माझ्या हातून.

फार लिहवत नाही. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
राजलक्ष्मी


॥ श्री ॥

इंदापूर
१५ मार्च २०२४

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

आज याच नावानं लिहिते. मी ठेवलेलं आहे, मला कोण अडवणार?

परतीचं पाकीट आलं बघ. आत कंपनीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याची चिठ्ठी आहे, भिमा नाव त्याचं. लिहितो, की आजी, तुमचं पत्र मी वर नेऊन दिलं. वर फक्त जाहिरातींचं काम चालतं, हे काम आमचं नाही म्हणून त्यांनी ते परत माझ्याच हातात दिलं. पाकिटावर तुम्ही तिकीट लावलं होतं, ते वाया कसं घालवू, म्हणून मी लिहितोय. वाकळ गेल्याचं वाईट वाटलं. बाई, एवढ्या मोठ्या कंपनीत वाचणारा एकच निघाला, आणि तो दारावर होता.

आता तुकड्याचं. तो माझा परकर होता. तुझी आई लग्न होऊन आली तेव्हा मी अकरा वर्षांची. घरात, शाळेत, पाणवठ्यावर सगळे मला नकोशी म्हणून हाका मारायचे. वहिनी पहिल्या दिवसापासून मला वन्सं म्हणाली. मोठ्या नणंदेला म्हणावं तसं, अहो वन्सं. मागं वळून बघितलं मी, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून. माझ्या आईनं तिला सांगितलं, की अगं, तिला नावानं हाक मार, ती केवढीशी हाय. तर वहिनी म्हणाली, मला ते नाव घ्यायला जमायचं न्हाय. शेवटपर्यंत तिनं ते घेतलं नाही. परकर फाटला तेव्हा तिनं तो मागून घेतला आणि वाकळेच्या मधोमध लावला. तुला सांगितलं नाही, कारण तू खोदून विचारत गेली असतीस आणि तिला माझं ते जुनं नाव सांगावं लागलं असतं.

तुझ्या ब्लॉगवरही जे नव्हतं, ते हे आहे. त्या परकराची उरलेली पट्टी माझ्या पेटीत होती, ती सोबत घातली आहे. उरलेले तीन तुकडे आपण दोघी मिळून आठवू. त्यासाठी मशीनसुद्धा घालीन.

तुझी,
वन्संआत्या


॥ श्री ॥

पिंपळी
२२ मार्च २०२४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पट्टी मिळाली. मी वही आणली, पहिल्या पानावर ती टाके घालून बसवली आणि खाली लिहिलं, वन्संचा परकर. मग खूप रडले, आणि बरं वाटलं. आता दर रविवारी बायका पुन्हा वाकळा घेऊन येणार आहेत. या वेळी दोन वह्या करायच्या, एक इथं आणि एक तुझ्या पेटीत.

तू पाकिटावर नुसतं निकिता, पिंपळी एवढंच लिहिलंस, आडनावसुद्धा नाही. सत्तावीस वर्षं पोस्ट चालवलेल्या बाईनं असं करावं? नवा पोस्टमन वाड्यावस्त्यांवर विचारत फिरला. इथं निकिता नावाची कुणी नाहीच, असं तिघांनी त्याला सांगितलं. शेवटी तो बानूबाईंच्या दारात आला. त्यांनी त्याला हाताला धरून माझ्या अंगणात आणलं आणि म्हणाल्या, की व्हय, हीच ती, दे तिच्या हातात.

त्यानं कुठलाही कागद मागितला नाही.

येत्या गुरुवारी येते. तोवर माया राखून ठेव.

तुझी,
निकिता