छावणीला दारं नसतात

२ मे २०१९, गुरुवार

सागर आज ओरडली नाही! टँकर आला, भोंगा वाजला, बायका घागरी घेऊन धावल्या — आणि ही आमच्या कपिलेच्या गळ्याला हात लावून बसून राहिली. गाय रवंथ करते तेव्हा घास गळ्यातून वर येतो. ते तिला हाताला लागतं, आणि ती शांत होते. हे तिला कुणी शिकवलं नाही. तिचं तिनंच शोधलं.

गावात पाणी नाही, चारा नाही, म्हणून जनावरं सिरसाळ्याच्या रस्त्याला छावणीत, आणि जनावरांबरोबर आम्ही. घरी माय सागरला आतल्या खोलीत ठेवायची. बाहेरून कडी. धाकटी बहीण सहा वर्षांची झाली तरी बोलत नाही, नजर देत नाही, हे चार गावांत कळायला नको. "तुजं लगीन व्हायचंय," म्हणायची. इथं कुठं ठेवणार? वर हिरवी जाळी, खाली खुंटे. छावणीला दारंच नाहीत.

माय दिवसभर पदर ओढून बसते. मला मात्र — लिहू का? घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली, त्यामुळे ही वही कुणी वाचेल अशी धास्ती नाही. लिहिते. मला बरं वाटतंय.

५ मे

दुधाचं फॅट मोजत बसले होते. (गावातलं केंद्र बंद पडल्यापासून दूध सोसायटीचं मशीन छावणीतच आणलंय. ते काम माझ्याकडे.) समोरच्या दावणीपाशी बायनाबाईचा लेक भारत ड्रमचं झाकण गरगर फिरवत होता. पडलं की पुन्हा. बायनाबाई हाका मारून थकली, तो वळेना. मग ट्रॅक्टर सुरू झाला आणि त्यानं दोन्ही कान दाबले.

अगदी सागरसारखे!

पण मी काही डॉक्टर नाही. दुसऱ्याच्या लेकराला नाव लावायचा मला काय अधिकार? चुकलं तर? आणि गप्प बसले तर?

६ मे

न राहवून गेले. "मावशी, केस कापताना भारत लई रडतो का हो?"

बायनाबाईनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. "तुला कसं कळलं?"

मग तीच रडली. अंगारा झाला, ताईत झाला, दर्ग्यावर जाऊन झालं. "वळण न्हाई लावलं म्हणत्यात मला. तिघी थोरल्यांना वळण लावलं, याला कावून न्हाई लावणार?"

मी तिला सागरजवळ आणलं. दोघं शेजारी बसली, एकमेकांकडे न बघता. आम्ही दोघी हसलो. कशाला हसलो कुणास ठाऊक!

११ मे

आता आम्ही पाच-सहा जणी. मंजुळाबाई लेकीला घेऊन आपण होऊन आली. "त्या कोपऱ्यात तुमी बसताव, तितं आमाला बसू द्या की."

अशा मुलांना शिकवणाऱ्या बीडच्या मॅडमना फोन केला. गेल्या वर्षी सागरला त्यांच्याकडे नेलं होतं, तेव्हा 'स्वमग्न' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. दोन एस्ट्या बदलून जायचं, सागर वाटभर किंचाळायची, लोक उतरवून द्या म्हणायचे. तिसऱ्या खेपेनंतर माय म्हणाली, बास. तेव्हा मॅडमना विचारलं होतं, अशी किती मुलं असतील आपल्या जिल्ह्यात? "खरा आकडा कुणाकडेच नाही गं. जी दाराबाहेर येतात तेवढीच आम्हाला माहीत."

आज म्हणाल्या, "एक शांत खोली मिळव. दर गुरुवारी मी येते." त्या येणार! आमच्याकडे!

खोली आहे. गावातलं सोसायटीचं केंद्र — जाड भिंती, फरशी, रस्त्यापासून आत. कुलूपच आहे त्याला.

१५ मे

सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव अण्णा जीपनं आले. त्यांच्या बायको रुक्मिणीबाई नेहमीसारख्या आतच, काच वर. कुणीतरी विचारलं, "थोरला ल्योक कसा हाय, अण्णा?" "पुण्याला कंपनीत. रजाच न्हाई मिळत." मी लहान असल्यापासून हेच ऐकतेय.

खोलीचं विचारलं. "तितं खताचं गोदाम करायचंय, पोरी. काय ते सभेत ठरंल." माझ्याकडे पाहिलंही नाही.

२४ मे

पाऊस आला की छावणी मोडणार. सगळ्या जणी आपापल्या घरी, आणि पुन्हा कड्या. दुपारी आभाळ भरून आलं आणि मी मनात म्हटलं — थोडं थांब.

शेतकऱ्याच्या पोरीनं असं म्हणावं! लोकांच्या जिभा कोरड्या पडल्यात. कुणाला सांगू? माफी मागितली. कपिलेचीसुद्धा.

३० मे

रविवारी सोसायटीची खास सभा, इथंच, कारण सगळे सभासद इथंच. सेक्रेटरी सुंदरराव काका भला माणूस. म्हणाले, "तू लई इचार करू नकू. शेवटाला ऐनवेळचे विषय असत्यात. तवा समद्यांचं ध्यान चहाकडं. तुज्या खोलीचं मी भराभरा वाचतो, लोक म्हणत्यात मंजूर. झालं!"

आमची सोसायटी अशीच चालते. कोणीही वाईट नाही, फक्त कोणी ऐकत नाही.

अशी मिळवलेली खोली टिकेल का? उद्या कुणी म्हणालं फसवून घेतली, तर बोल लेकरांना लागणार.

२ जून, रविवार

सगळं लिहिते.

काकांनी वाचलं, एका दमात. "मंजूर! मंजूर!" झालंच होतं. चहाची किटली निघाली होती. आणि मी उठले!

"थांबा. काय मंजूर केलं ते ऐकून घ्या."

काकांनी कपाळावर हात मारला. मागून कुणीतरी, "झालतं की बे मंजूर! हिला कुणी उटवलं?" सगळे हसले.

मी सागरकडे बोट केलं. ही माझी बहीण, म्हटलं. ही वेडी नाही. हिच्या कानांना आवाज आपल्यापेक्षा मोठा लागतो. अशी लेकरं या छावणीत आणखी आहेत, आजवर ती दाराआड होती. त्यांना शिकवायला खोली हवी. — मायचा पदर पार नाकापर्यंत आला होता.

अण्णांचा चेहरा लाल झाला. "ही पोरं बरी होनार हायत का?"

खोटं सांगता आलं असतं. "नाही अण्णा. हा आजारच नाही. पण शिकतील. काय दुखतं, काय पाहिजे, ते सांगता येईल त्यांना."

"अन् मोटी झाल्यावर? तवा काय करायचं त्यांचं?"

"माहीत नाही," म्हटलं आणि खाली बसले. माझ्याच खरेपणानं खोली घालवली, असं वाटलं.

अण्णा म्हणाले, गोदाम का खोली, हात वर करा. आता, आमच्या सोसायटीत गाई आल्या बायकांच्या योजनेतून, म्हणून शेअर बायकांच्या नावावर. हात मात्र दरवर्षी नवरे वर करतात. कुणाला त्यात काही वाटत नाही. गोदामासाठी हात वर गेले, बायनाबाईच्या नवऱ्याचाही. तर ती चाऱ्याचा भारा टाकून उभी राहिली!

"तुमी खाली घ्या. माज्या नावचा हात मी करते."

"गप बस की!"

"सभासद कोन हाय? सुंदरराव, वाचा नाव!"

काकांनी खोलीसाठी नावं वाचली. मोठ्यानं, एकेक. त्या दावणीतून, टँकरपासून, चुलीपासून बायका आल्या. मंजुळाबाईचा हात शेणानं भरलेला, तसाच वर! ज्यांची लेकरं चांगली बोलतात त्यांचेही हात. आणि सगळ्यात मागे, पदर पार खांद्यावर, माझी माय!!

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मंजूर," म्हणाले. चहा न घेता गेले.

३ जून

माय सागरचा हात धरून टँकरपर्यंत गेली. उघड्या तोंडानं.

१२ जून

खोलीला चुना दिला. भारतसाठी एक झाकण ठेवलंय. खिडकीबाहेर कपिला बांधायची, म्हणजे सागर आत बसेल. आभाळ आलंय. आज काही म्हटलं नाही. पडू दे!

१३ जून, गुरुवार

मॅडम आल्या. सिरसाळ्याकडची, धारूरकडची, कधी न पाहिलेली माणसंसुद्धा आली. खोली पुरली नाही!

सगळे गेल्यावर मी कुलूप लावत होते. जीप थांबली. रुक्मिणीबाई पहिल्यांदाच खाली उतरल्या. त्यांच्यामागून अण्णा, एका बाप्याला दंडाला धरून. दाढीत पांढरे केस. दोन्ही हातांनी कान गच्च दाबलेले.

थोरला. पुण्याला तो कधी गेलाच नव्हता.

अण्णा उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "मोट्यांना घेत्यात का गं?"

मी कुलूप काढलं.