एका कॉम्प्युटरला दोन स्क्रीन

लातूर, मंगळवार

चि. सौ. राजकन्या हिला थोरल्या जावेचा, म्हणजे सिंधुअक्काचा, पोटभर आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल. तिकडं नांदेडात माउली भावजींचा गुडघा कसा हाय? लेकरं अभ्यास करायलेत का नुसता मोबाईल बघायलेत? फोन तू उचलत न्हाईस (नको उचलू, मोबाईल तुझा, अंगठा तुझा), म्हणून पत्र लिहायला बसले. दोन वर्षांचं साचलंय, तवा लांबंल. आधी चहा ठेव आणि मग वाच.

तर बातमी अशी की आपल्या लग्नपत्रिकेच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला मी दुसरा स्क्रीन लावला. आपला तो पहिला मॉनिटर आठवतो का, पोट सुटलेला? त्याच्यापुढं एकच बाकडं, एकच माऊस, आणि आपण दोघी कोपराला कोपर लावून. मी यादीतली नावं वाचायची, तू टाईप करायची, आणि दर दोन ओळींनी माऊसवरून भांडण. (माऊस तुझ्याच हाती राहायचा. मी कधी बोलले न्हाई, पण ध्यानात ठेवलंय.) लग्नसराईत भाकरीसुद्धा तिथंच. एकदा ठेचा कीबोर्डात सांडला तर महिनाभर ज्याला बोट लावावं ते बटण तिखट. गिऱ्हाईकं ही लांबलचक यादी घेऊन यायची, चुलते, मामे, मावसे, साडू, सरपंच. एक नाव खाली-वर झालं की मांडवात रुसवा ठरलेला. पण तुझी नजर एकदा फिरली की चूक म्हणून राहायची न्हाई. लई बरे दिवस होते गं ते. खरंच लई बरे.

मग आमच्या सत्यमच्या लग्नाची पत्रिका आली. तिच्यात सोयऱ्यांच्या यादीत तुझ्या वडिलांचं, अर्जुनरावांचं, नाव आलं न्हाई. तवाही सांगितलं, आताही सांगते: मॉनिटर छोटा, पत्रिका अर्धीच दिसायची, खालची ओळ स्क्रीनच्या खाली राहून गेली. तू त्या हप्त्यात माहेरी धर्माबादला, मग वाचणार कोण? तू मानलं न्हाईस. महिनाभरात भावजींची बदली झाली आणि तुम्ही नांदेडला गेलात. लोक म्हणतात बदलीमुळं गेले. मी पण तसंच सांगते.

म्हणून यंदा ठरवलं, पत्रिका शेंड्यापासून बुडख्यापर्यंत दिसंल असा इंतजाम करायचा. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा रेवणप्पा हाय ना, उदगीरचा, तो म्हणाला, "अक्का, नवा घेऊच नका. याच डब्यात दोन ग्राफिक कार्ड ठोकतो. दोन स्क्रीन, दोन कीबोर्ड, दोन माऊस. दोन बाया दोन कामं करत्याल, डबा एकच." (हे कार्ड म्हणजे स्क्रीनला चित्र पुरवणारी पट्टी. मला पण नव्हतं मालूम.) दोन बाया म्हणल्यावर मी लगेच "हाव, लावा" म्हणाले.

पहिलं कार्ड बसलं. दुसरं बसवलं आणि डबा गपगार. दोघांना पुरंल एवढी वीज त्याच्या पोटात न्हाई म्हणे. मोठा पॉवर सप्लाय घातला, तर पंखा असा घोंगावला की शेजारची केवळाबाई विचारायला आली, सिंधु, डाळ मिल टाकली का? मग दोन्ही स्क्रीनवर एकच पत्रिका दिसाया लागली. ते नीट केलं तर त्या बेट्यानं डावा-उजवा उलटा लावलेला. माऊसचा बाण उजवीकडून बाहेर ढकलावा तर डाव्या स्क्रीनच्या पार डाव्या कडंला उगवायचा. मी दोन दिवस मान अशी फिरवली की आमचे हे झेंडू बाम घेऊन आले.

खरी फजिती पुढंच. माऊस दोन, पण बाण एकच! दुसऱ्या माऊसवर ह्यांना बसवलं. मी बाण वर ओढायचा, ह्यांनी खाली. समोर पंचफुलाबाई बसलेल्या, नातीची पत्रिका घेऊन, सोबत त्यांचा भाऊ. या ओढाताणीत त्या भावाचं नाव उचललं गेलं आणि थेट कैलासवासी लोकांच्या ओळीत जाऊन बसलं. म्हातारा उठून उभा राहिला, "ओ बाई, मी हाय की आजून!" पाणी दिलं, पेढा दिला, तरी जाईपर्यंत स्वतःची नाडी धरून होता. मी हसू दाबून बाजूला बघितलं, तुला डोळा मारायला. बाजूला आमचे हे, तोंड पाडून.

शेवटी रेवणप्पानं सगळी सिस्टीमच बदलली. आता दोन्ही जागा न्याऱ्या. जिचा तिचा स्क्रीन, जिचा तिचा बाण. भांडायचं कारणच उरलं न्हाई. इतकं शांत वाटतं दुकानात की दिवसभर रेडिओ लावून बसते. भावजींना नमस्कार, लेकरांना पापे.

तुझी,
सिंधुअक्का

ता. क. आमच्या ऋतुजाचं लग्न जमलं. मुलगा हदगावचा, माणसं चांगली. पत्रिका दुसऱ्या स्क्रीनवर तयार हाय. तू वाचल्याबिगर छापणार न्हाई.

ता. क. आणखी. वरचं पत्र फाडून टाकावं वाटतंय, पण राहू दे. मॉनिटर छोटा होता हे खरं, पण पत्रिका खाली सरकवून बघता येत होती आणि मी बघितली होती. त्या हप्त्यात तीन गिऱ्हाईकं दारातून माघारी गेली, "राजकन्याबाई न्हाईत? मग त्या आल्यावर येतो." दुकान मी काढलेलं. माझ्या जिवाची आग झाली आणि मी अर्जुनरावांचं नाव माझ्या हातानं पुसलं. लग्नात त्यांनी चष्मा लावून पत्रिका दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि हसतमुखानं माझ्या हातात आहेराची साडी दिली. ती साडी मला अजून नेसवली न्हाई. चुकलं माझं, राजकन्या.

ऋतुजाच्या पत्रिकेत सोयऱ्यांची पहिली ओळ रिकामी सोडलीय. तिथं वडिलांचं नाव तू येऊन टाईप कर; मी केलं तर मेहरबानी केल्यागत दिसंल. पुढल्या हप्त्यात शुक्रवारी छपाईला द्यायचंय. तू आली न्हाईस तर ओळ रिकामीच छापीन, आणि जो विचारंल त्याला का ते सांगीन.