चिमाचं मत

साजगाव, १२ जानेवारी १९८८

आले एकदाची सासरी! बत्तिसाव्या वर्षी लग्न, तेही बिजवराशी, म्हणून ठाण्याच्या मावशीने नाक मुरडलं. मुरडू दे. हे, म्हणजे सहदेव, शांत माणूस आहेत. आणि यांची पाच वर्षांची चिमा पहिल्याच दिवशी माझ्या मांडीवर येऊन बसली. मला मूल होणार नाही हे डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय, ह्यांनाही ते ठाऊक आहे. देवाने शिजवून ताटात वाढलं, आणखी काय हवं मला?

सासूबाईंनी माझ्या गळ्यात सवतीचा टाक घातला. चांदीचा, नखाएवढा, त्यावर पहिलीचा, जयाचा मुखवटा. म्हणाल्या, "लुगडं असो का घास, आदी तिला दाखव, मंग तू घे गं." दाखवीन की, माझं काय जातंय! दोन वर्षांपूर्वी पाताळगंगेवर धुणं घेऊन गेली ती परतलीच नाही बिचारी. काठाने हाका मारत फिरले सगळे. देह मिळाला नाही, शेवटी दर्भाची बाहुली करून अग्नी दिला.

१८ जानेवारी

कारखान्यात कॉम्प्युटरवर रुजू झाले. दोन मशिनं आहेत आणि दोघांत मिळून माहितीचं एकच भांडार. साहेबांनी समजावलं, ती दोघं तारेवरून एकमेकांना सारखी विचारतात, आहेस का? उत्तर आलं नाही की दुसरं मेलं असं धरायचं, आणि त्याचंच नाव घेऊन त्याचं काम पुढे चालवायचं. मी म्हटलं, साहेब, हे शिक्षण मी घरूनच घेऊन आलेय. त्यांना काही कळलं नाही.

२ फेब्रुवारी

चिमा मला आई म्हणाली. अगदी सहज, भाकरी मोडता मोडता. मी चुलीकडे तोंड करून रडून घेतलं. धूर बरा असतो अशा वेळी.

२३ फेब्रुवारी

मेल्या उंदराने मशिनांमधली तार कुरतडली. दोन्ही धडधाकट, पण प्रत्येकाला वाटलं दुसरं गेलं. मग दोघांनीही भांडारात लिहिलं, एकावर एक. सगळ्याचा काला झाला. साहेब आता मत द्यायला तिसरं एक छोटं मशिन जोडणार आहेत. ज्याला ते मत मिळेल ते चालेल, दुसऱ्याने आपण होऊन थांबायचं. मी विचारलं, थांबणारं जिवंत असलं तरी? म्हणाले, तरीही, नाहीतर भांडार जातं.

४ मार्च

दुपारी घरी आले तर चिमाची वेणी घातलेली. सासूबाईंचे हात तर संधिवाताने आखडलेत. कुणी घातली विचारलं, तर चिमा म्हणाली आईने, आणि तिचे हात गार होते म्हणाली. केसांतून पाणी निथळत होतं.

९ मार्च

चिमा जेवताना ओकली. ती आधीच पोटभर जेवली होती, आईने भरवलं म्हणे. दोरीवर एक हिरवं लुगडं वाळत होतं, माझं नव्हे. सासूबाईंनी ओळखलं. नदीवर गेली त्या दिवशी जयाच्या अंगावर तेच होतं.

१३ मार्च

ताप. चिमा एकच वाक्य दोनदा बोलते, एकदा माझ्याकडे बघून, एकदा मागच्या दाराकडे. स्वतःचं नाव विचारलं तर सांगता येईना. हे मी कारखान्यात पाहिलंय. दोघींचे हात, एकच भांडार—

१५ मार्च

आज दिसली. भर दुपारी, परसात. लुगडं ओलं, काखेत धुण्याची बादली. मला बघून तीच दचकली. तिच्या घरात परकी बाई! तिला कुणी सांगितलंच नाही. हाकेला ओ आली नाही म्हणून आपणच धरलं, मेली. ती आपली धुणं आटोपून घरी आली—

१६ मार्च

खोपोलीचे डॉक्टर मान हलवून गेले.

मी पुढच्या दारात उभी राहिले. ती मागच्या. मध्ये चिमा, अंथरुणावर. तिसरं मत तिचं. मी म्हटलं, "चिमे, आईकडे ये गं." तीही तेच म्हणाली.

देवा, माझ्याकडे— एकदाच—

उठली पोर. धावली.

मागच्या दाराकडे.

१७ मार्च

ताप उतरला. अंगणात खेळते आहे. किती गोड हसते गं बाई!

माझं पान मांडलं नाही. सासूबाईंशी बोलले, त्या पलीकडे बघत राहिल्या. मग ह्यांना म्हटलं, अहो, मी आहे. हे घर झाडत होते. उत्तर—

१८ मार्च

गळ्यात टाक नाही. तिच्या गळ्यात आहे. वाकून पाहिला. मुखवटा माझा—

जेवताना तिने पहिला घास टाकाला दाखवला. चांगली आहे ती. चिमाने विचारलं, ही कोण? म्हणाली, "ती बी तुजी आईच व्हती. पाया पड."

हात जोडले चिमाने. मग टाक सोडून सरळ इकडे बघितलं, मी उभी आहे तिथे. आणि हाक मारली, आई गं—

ओ द्यायची नाही. दिली तर पुन्हा ताप. थांबायचं, आपण होऊन. पदर तोंडात कोंबलाय—

पुन्हा हाक मारतेय. माझ्याकडेच बघून. चिमे, नको गं, माझ्या तोंडून ओ—