रेघेपाशी अडणारा पाय

कोल्हार,
मंगळवार, एप्रिल १९७३

प्रिय गहिनीनाथ,

मुलाला पत्रात 'चिरंजीव' लिहायची रीत आहे, ते मी मनात म्हटलं. आज 'प्रिय'च लिहावंसं वाटलं. दादा गुरांच्या छावणीवर गेलेत, तुझ्या बापाच्या नकळत लिहितेय हे. ते यायच्या आत लिहून शाळेतल्या छगन मास्तरांकडे द्यायचंय. पाकिटावर इंग्रजीत पत्ता घालून तेच पेटीत टाकणार आहेत. अक्षर वाकडंतिकडं आलं तर हसू नकोस. सातवी झालेल्या बाईला लग्नानंतर रेशनकार्डावर सही करण्यापलीकडे लिहायला मिळतं कुठं?

शिबिरातून आलेलं तुझं मागचं पत्र इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. पुढच्या बुधवारी शेवटची चाचणी, त्यातून सोळा जण निवडायचे, आणि त्यांनाच भारताचा हँडबॉलचा संघ म्हणायचं. हे वाचून मला आधी हसूच आलं. म्हणजे आजवर असा संघच नव्हता? संघटना परवा परवा झालेली, पहिली राष्ट्रीय स्पर्धासुद्धा गेल्याच साली भरलेली, आणि तुम्ही सगळे कुठून कुठून आलेले. पंजाबची मुलं बास्केटबॉलमधून आलीत म्हणून चेंडू आपटतच बसतात, हरियाणाची कुस्तीतून आलीत म्हणून अंगावरच जातात, असं तू लिहिलंस. प्रशिक्षक रोज ओरडतात की आधीचा खेळ विसरा. आणि तुझं काय चाललंय, ते मात्र सफाईनं गाळलंस. मला माहीत आहे रे. तुझा पाय पुन्हा रेघेपाशी अडायला लागलाय.

कबड्डीत रेघेबाहेर पाय पडला की माणूस बाद, हे लहानपणापासून तुझ्या अंगात मुरलेलं. छगन मास्तरांनी आपल्या खळ्यात चुन्याच्या फक्कीनं हँडबॉलचा अर्धगोल आखला होता. दुष्काळानं मळणीला काही आलंच नव्हतं, खळं नुसतं पडून होतं. तू वाऱ्यासारखा धावत यायचास आणि रेघेशी आलास की खुंट्याला बांधल्यासारखा थांबायचास. मास्तरांचा घसा बसला. शेवटी मीच लुगड्याचा काचा मारून गोठ्याच्या दोन मेढींमध्ये गोलरक्षक म्हणून उभी राहिले. शेजारची छबूबाई तोंडाला पदर लावून हसत होती. तू माझ्याकडे चेंडू असा टाकायचास, जशी काही मी पाटावर बसलेली नवरी आहे. मला असा राग आला! "आरं, आईकडं नगं बघू, चेंडूकडं बघ! मार जोरात!" म्हणून मी ओरडले. त्यानंतरचा चेंडू माझ्या खांद्यावर बसला. म्हशीनं ढोसलं, असं मी दादांना सांगितलं. पण त्या दिवशी तो नियम माझ्या डोक्यात बसला. रेघेच्या अलीकडून उडायचं, हवेत असताना चेंडू सोडायचा, मग खुशाल आत पडायचं. तू तसा उडालास आणि माझा खांदा दुखायचा थांबला.

परवा मिलिट्रीतला बन्सी सुट्टीवर आला होता, पोराला खांद्यावर घेऊन. तुझी चौकशी करत होता. त्याच्या लग्नाची गोष्ट आठवते ना? 'वडील सिरियस, ताबडतोब या' अशी तार गेली. बिचारा दोन दिवस अन्नपाण्यावाचून गाडीत बसून आला, तर वडील ओट्यावर चहा पीत बसलेले आणि दारात मांडव. सगळा गाव हसला. बन्सी हसला नव्हता. पलटणीतली बॉक्सिंगची फायनल त्याची हुकली, ती पुन्हा कधी आलीच नाही. परवाही तेच सांगत होता, आणि तुझे दादा खाली मान घालून सुपारी कातरत होते.

आता कारभारीमामाचं सांगते. त्यानं साखर कारखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकलाय, टाइमकीपरच्या जागेसाठी. मुलाखत पुढच्या शुक्रवारी. जागा कायमची आहे. दादा म्हणतात, "कबड्डी आसती तर चारचौघांत सांगता तरी आलं आसतं. ह्यो खेळ कुनाला म्हाईत हाय? उद्या संघ मोडला तर पोरगं कुटं जाईल?" त्यांच्यावर चिडू नकोस. प्रवरेच्या पात्रात झरे खणून पाणी भरतोय आम्ही, रोज रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खातोय. अशा साली बाप कायमची जागा सोडून देईल कसा? मलाही मधूनच त्यांचं पटतं. पण खळ्यात तू उडालास तेव्हा मी तुझा चेहरा पाहिलाय, दादांनी नाही.

आता खरं ते लिहिते. येत्या सोमवारी तुला आजारपणाची खोटी तार करायचं दादांनी आणि मामानं ठरवलंय. आधी केली तर तू येशील, बघशील आणि परत पळशील. म्हणून चाचणी हुकेल आणि मुलाखत साधेल, असा मुहूर्त काढलाय. गावच्या पोस्टातून करता येत नाही, पोस्टमास्तर मला रोज डोक्यावर हंडा घेऊन जाताना बघतात. म्हणून दादा एसटीनं नगरला जाणार. तारेत कुणाला आजारी पाडायचं, यावर दोघांचं अडलं. मामा म्हणाला, म्हातारीचं नाव घालू. तेव्हा मी चुलीपुढून म्हणाले, "माझंच नाव घाला. आजीसाठी यायचा न्हाई त्यो, माझ्यासाठी पळत यील." दादांना वाटलं, मी त्यांच्या बाजूला गेले. पण बाळा, दुसऱ्या कुणाचं नाव घातलं असतं तर ते खोटं आहे, हे मी तुला कशाच्या जोरावर सांगितलं असतं? माझ्या नावाची तार मात्र मी माझ्या हातानं खोडू शकते. ही बघ खोडली. मी ठणठणीत आहे. भीती एवढीच, की हे पत्र तारेच्या आधी पोचेल की नाही. आणि दुसरी भीती तुला सांगणार नव्हते, पण सांगते. या दिवसांत मला खरंच काही झालं, तर तुला कळवायला आता माझ्याजवळ तार उरली नाही. आली तरी तू ती खरी मानणार नाहीस. म्हणून झऱ्यात उतरत नाही, पाण्याला सोबत येणाऱ्या बनुबाईला उतरवते. दोन वेळा नीट जेवते. बुधवारपर्यंत मला आजारी पडायला सवड नाही. तेव्हा तार हातात पडली की घडी घालून खिशात ठेव, आणि रेघेपाशी थांबू नकोस.

खळ्यात अजून उभी असलेली,
तुझीच
आई